जुनेराचे दप्तर

ज्या घराण्यांच्या पूर्वजांनी सनदा मिळविल्या, वतने राखली आणि पिढ्यान्‌पिढ्या तंटे लढविले, त्यांचा इतिहास कोठे ना कोठे कागदावर उतरलेला असतो; परंतु ज्या घरांतील माणसांनी आयुष्यभर शेत कसले, दळणकांडण केले, मुले वाढविली आणि कोणत्याही कचेरीची पायरी न चढता इहलोक सोडला, त्यांच्याविषयीचा पुरावा शोधू जाता जन्ममृत्यूच्या नोंदीपलीकडे सहसा काही हाती लागत नाही. अशा घरात अंथरुणांच्या वळकटीमध्ये एखादी जुनी गोधडी असली, तर ती अंगणात उलगडून सावकाश पाहावी. आजीच्या लुगड्याचा काठ, आजोबांच्या धोतराचा धडपा, सासुरवाशिणीने माहेरून आणलेल्या खणाचा तुकडा, कोणाच्या तरी बारशाच्या झबल्याची बाही, असे नाना जिन्नस तिच्यात एकमेकांशेजारी नांदत असतात, आणि ज्याला ते ओळखता येतात त्याला त्या घराची दोन-तीन पिढ्यांची कैफियत तेथे अक्षरावाचून वाचता येते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले पंचीकरण सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर लिहून कापडालाच ग्रंथाची योग्यता आणून दिली, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. गोधडी शिवणाऱ्या निरक्षर बायकांनी शाईशिवाय तेच केले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. कागदाचे दप्तर आणि कापडाचे हे दप्तर यांत भेद एवढाच, की पहिले हात न लावता जपावे लागते आणि दुसरे वापरात राहिले तरच टिकते. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल, म्हणून कापडाचा स्वभाव, टाक्याची रीत आणि निरनिराळ्या मुलखांतील वहिवाट यांच्या आधारे त्याची रुजवात घालून पाहणे इष्ट आहे.

आपल्याकडे जुन्या झालेल्या वस्त्रापुढे पूर्वापार तीन-चार वाटा असत. वस्त्र अस्सल जरीचे असेल तर जुनी जरी घेणारा दारावर येई, ते जाळून त्यातील चांदी काढली जाई आणि एखाद्या पैठणीच्या साऱ्या मानमरातबाचा निकाल शेवटी तोळ्यामाशांत लागे. अंगावर घालण्याजोग्या कपड्यांवर बोहारणीची नजर असे, आणि दोन धोतरे व एक कोट यांच्या मोबदल्यात पातेले द्यावे की नुसता डबा, यावर उंबऱ्याशी बसून दुपारभर घासाघीस चाले. अगदीच विटक्या फडक्यांचे पोतेरे होई. या सर्व व्यवहारांतून घरच्या बाईने जे बाजूला काढलेले असे आणि ज्यावर ‘हे द्यावयाचे नाही’ असा तिचा अलिखित शेरा पडलेला असे, ते सुती जुनेर मात्र गाठोड्यात जमत जाई, आणि गाठोडे पुरेसे फुगले म्हणजे त्याची गोधडी होई. गोधडीत काय आहे याइतकेच हे गाठोडे कसे भरले हेही म्हणून महत्त्वाचे ठरते. कारण ज्या स्त्रीच्या नावावर घरातले एक भांडेही बहुधा नसे, तिने कोणती वस्तू राखून ठेवण्यालायक मानली याचा निवाडा त्यात तिच्याच हाताने नोंदलेला असतो.

या निवाड्यात भावनेइतकाच व्यवहारही होता. मागावर चढविण्यापूर्वी ताण्याच्या धाग्यांना खळ देतात, कारण विणकामात त्यांना सतत घर्षण सोसावे लागते. नवे कापड हाताला करकरीत लागते त्यात या खळीचा वाटा मोठा. वारंवारच्या धुण्याने खळ निघून जाते, धाग्याचा पीळ किंचित सैलावतो, तंतूंची सूक्ष्म टोके पृष्ठभागावर येतात, आणि कापडाला तो मऊपणा चढतो जो पैसे मोजूनही नव्या ठाणात मिळत नाही. तान्ह्या मुलाचे दुपटे, लंगोट आणि कुंची ही जुन्या लुगड्यातूनच बेतावीत असा जो जुन्या बायकांचा आग्रह असे, त्याच्या बुडाशी काटकसर जेवढी होती तेवढाच हा अनुभवही होता. कापसाचा आणखी एक विशेष असा, की ओला असताना त्याचा धागा कोरड्या अवस्थेपेक्षा बळकट होतो. नदीकाठच्या दगडावर वर्षानुवर्षे धोपटलेले लुगडे तग धरते ते यामुळेच. रेशमाचे नेमके याउलट आहे. पाण्यात ते दुबळे होते, आणि घाम व ऊन या दोहोंनी त्याचा कस जातो. शिवाय हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्क्यांपर्यंत सामावून घेण्याची शक्ती कापसात आहे, पॉलिएस्टरमध्ये ती अर्ध्या टक्क्याइतकीही नाही. त्यामुळे सुती पांघरुणात निजलेल्या माणसाचा घाम टिपला जातो आणि कृत्रिम धाग्याच्या पांघरुणात तो अंगावरच चिकचिकत राहतो. वजनाने जड असूनही सुती गोधडी वैशाखातल्या पहाटगारव्याला आणि पौषातल्या थंडीला सारखीच चालते, त्याचे रहस्य या गुणात आणि तिच्या थरांमध्ये कोंडलेल्या हवेत आहे.

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर. पण ही सारी लांबी सारखी झिजत नाही. कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, टाचेशी घासणारी किनार फाटते, आणि ज्या भागाला घड्यांचा आडोसा मिळतो तो बराच काळ धड राहतो. काठाची वीण अंगापेक्षा दाट असल्यामुळे लुगडे जीर्ण झाले तरी काठ शाबूत असतो. गोधडी करणारी बाई लुगड्याचे हे अंतरंग जाणून असते. विरलेला भाग ती आतल्या थरांत घालते, धड भाग वर घेते, आणि काठ उसवून त्याचा उपयोग चौफेर गोट लावण्यासाठी करते. गोधडी वाचणाऱ्याला याच कारणाने कडेपासून सुरुवात करणे सोयीचे पडते. इरकली लुगड्याचा तांबडा-पांढरा पदर दिसला की त्या घराचा कृष्णेपलीकडील बाजाराशी संबंध असावा असा तर्क करता येतो, करवतीच्या दात्यांची किनार विदर्भाकडे बोट दाखविते, बारीक बुट्ट्यांचा खण बहुधा बागलकोटाजवळच्या गुळेदगुड्डहून आलेला असतो, आणि चंद्रकळेचा काळा तुकडा कोणाच्या तरी पहिल्या संक्रांतीची साक्ष देतो. ज्या घरात सुना तीन निरनिराळ्या मुलखांतून आल्या, त्या घराची गोधडी त्या तिन्ही मुलखांच्या विणकरांचे नमुने एकत्र बाळगून असते, आणि असा संग्रह संग्रहालयालाही सहसा ठरवून करता येत नाही.

गोधडीचे काम होळीनंतर, शेतातली सुगी आटोपल्यावर आणि मृग लागण्यापूर्वी हाती घेण्याची रीत आहे. कारण या दिवसांत अंगण कोरडे असते आणि हातांना थोडी सवड असते. प्रथम जुनेर धुऊन, कडक उन्हात वाळवून, शिवणी उसवून सपाट करतात. मग अंगणात किंवा ओसरीवर खालचे धड लुगडे ताणून पसरतात, त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवतात, आणि त्यावर लहानमोठे तुकडे असे मांडत जातात की एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ नये. गवंड्याने विटा रचताना जे तारतम्य राखावयाचे तेच येथे राखले जाते. वर पुन्हा एक धड वस्त्र किंवा जोडलेल्या ठिगळांचा पृष्ठभाग येतो. सर्व थर लांब कच्च्या टाक्यांनी टाचून झाले, की चार बायका चार बाजूंना बसतात आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत येतात. पश्चिम महाराष्ट्रात या पांघरुणाला वाकळ म्हणतात, कानडी मुलखात कौदी. नाव बदलले तरी रीत बहुतेक हीच. या कामाला बोलाविलेल्या शेजारणींना चहापाणी होई, ज्या त्या तुकड्यावरून ज्याची त्याची आठवण निघे, आणि हे लुगडे कोणत्या लग्नातले, हा सदरा कोणाचा, याचे ज्ञान अशा रीतीने बसल्या जागी थोरल्यांकडून धाकट्यांकडे जाई. गोधडी ही वस्तू जशी या बैठकीतून तयार होई, तशी त्या वस्तूची माहितीही तेथेच तयार होई. माहिती सांगणारी बैठक मोडली म्हणजे उरलेले कापड मुके होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शिवणकलेत बखिया, तुरपाई, रफू असे अनेक प्रकार असताना गोधडीला साधा धावदोराच का निवडला गेला, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचे उत्तर उद्बोधक आहे. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे ताणाने एकमेकांत अडकतात आणि सुई अगदी जवळजवळ छिद्रे पाडीत जाते. नव्या, घट्ट कापडाला हे मानवते, पण विरलेल्या कापडात छिद्रांची ती सलग रांग हीच फाटण्याची रेषा होऊन बसते. हाताने घातलेला धावदोरा एकेरी, सैलसर आणि अंतराअंतरावर वरखाली जाणारा असतो. तो कापडाला ओढीत नाही, नुसते धरून ठेवतो. थरांपैकी एखाद्या ठिकाणचा धागा तुटला, तरी त्या जागेवरचा भार आजूबाजूच्या टाक्यांमार्गे शेजारच्या आणि खालच्या धाग्यांवर वाटला जातो, आणि छिद्र पसरत नाही. एकट्याने एक धुणेही सोसू न शकणारी पाच-सहा जीर्ण वस्त्रे अशा शेकडो टाक्यांनी एकत्र आली, की पुढे वर्षानुवर्षे उशापायथ्याची ओढाताण सोसतात. टाके दाट घातले असता त्यांच्यामधले कापड किंचित उचलले जाते आणि पृष्ठभागावर लहान लाटा उठल्यासारख्या दिसतात. वंगदेशीय कंथेच्या सौंदर्याचे मर्म बरेचसे या लाटांत आहे.

कंथेचा उल्लेख आला, तेव्हा जुन्या कापडापासून प्रेरणा कशी मिळते याचा विचार तिच्यापासूनच सुरू करणे सोयीचे होईल. बंगालच्या खेड्यांतील स्त्रिया जुन्या साड्या व धोतरे यांचे थर लावून कंथा शिवीत, आणि त्यांवरील भरतकामासाठी रंगीत दोरा बाजारातून आणण्याऐवजी साडीच्या काठातून उपसून काढीत. म्हणजे ज्या काठाने आधी देह सजविला त्याच काठाचे सूत पुढे चित्राची रेघ होई. काही कंथांवर तर साडीच्या किनारीची विणलेली नक्षीच टाक्याटाक्याने पुन्हा उतरविलेली आढळते. विणकराची कल्पना नष्ट होऊ लागली तेव्हा शिवणारीने तिची नक्कल सुईने करून ठेवली. या कलेकडे जाणत्यांचे लक्ष वेधण्याचे श्रेय गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांना विशेष आहे. सनदी नोकरीच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडताना त्यांनी जमविलेला संग्रह कोलकात्यानजीक जोका येथील त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहे, आणि त्यात एकोणिसाव्या शतकातील मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने आपल्या वडिलांसाठी शिवलेली एक प्रख्यात कंथा आहे. तिच्यावर शिपाई आहेत, साहेब आहेत, त्या काळच्या समाजाची नाना चित्रे आहेत, आणि हे आपल्या हातचे काम आहे असे सांगणारा मजकूरही टाक्यांनी लिहिलेला आहे. त्या काळी खेड्यातील स्त्रीला आपले नाव लिहून ठेवण्याचा प्रसंग किती विरळा येत असेल याचा विचार केला, म्हणजे जुनेरावरील या स्वाक्षरीचे मोल कळते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी अनेकांनी पळून जाऊन उत्तर कन्नड जिल्ह्यातील अरण्यांचा आश्रय घेतला. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत त्यांचे सिद्दी वंशज आजही राहतात आणि त्यांच्या घरांत कोंकणीची एक बोली बोलली जाते. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. पण तिन्ही धर्मांतील बायका जुन्या कपड्यांची कवंदी मात्र एकाच रीतीने शिवतात. कडेच्या एका कोपऱ्यापासून आरंभ करून त्या एकेक ठिगळ दुमडून लावीत आणि त्याच वेळी खालच्या थराशी धावदोऱ्याने जोडीत चौफेर फिरत मध्यापर्यंत येतात. नकाशा आधी काढलेला नसतो. हाती लागलेला पुढचा तुकडा तांबडा आहे की निळा, आखूड आहे की लांब, यावरून पुढची आकृती ठरते. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ बसविल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. जेथे साहित्याची निवड आपल्या स्वाधीन नसते तेथे मांडणीतले चातुर्य अधिक प्रखर होते, हे कलेतील एक सर्वसामान्य तत्त्व येथे स्पष्ट दिसून येते. दुकानातून हव्या त्या रंगाचे कापड आणणारा प्रथम कल्पना करतो आणि मग तिला साजेसे साहित्य शोधतो. जुनेर हाताळणाऱ्या बाईपुढे साहित्य आधी येते आणि कल्पनेला त्याच्या मागून जावे लागते. विरलेली जागा झाकण्यासाठी लावलेले ठिगळ पुढे नक्षीचे केंद्र होते, आणि काठ अपुरा पडला म्हणून जोडलेला दुसऱ्या रंगाचा तुकडा साऱ्या चौकटीला उठाव देतो.

प्रेरणेची गोष्ट अशी, आता स्मृतीची. कापडाचा तुकडा माणसाची ओळख पटविण्याइतका खात्रीचा पुरावा होऊ शकतो, हे लंडनच्या एका संस्थेने सरकारी थाटाच्या दप्तरातच नोंदून ठेवले आहे. टॉमस कोरम या दर्यावर्दी गृहस्थाच्या खटपटीने तेथे फाउंडलिंग हॉस्पिटल हे टाकून दिलेल्या अर्भकांचे आश्रयस्थान १७४१ साली सुरू झाले. मूल दाखल होताना त्याचे नाव बदलले जाई आणि आईचे नाव विचारले जात नसे. पण दैवाने पुढे कधी आईची स्थिती सुधारलीच आणि ती मुलाला मागावयास आली, तर खूण पटावी म्हणून एखादी निशाणी ठेवण्याची तजवीज होती. ही निशाणी बहुधा मुलाच्या अंगावरील कपड्यातून कापलेला तुकडा असे. कारकून तो छापील फॉर्मला टाचणीने टोचून ठेवी, आणि त्या फॉर्मांच्या पुढे बांधीव वह्या झाल्या. १७४१ ते १७६० या काळातील असे सुमारे ५,००० तुकडे त्या वह्यांत सुरक्षित असून अठराव्या शतकातील सामान्य इंग्रज माणूस अंगावर काय घालीत असे याचा तो फार मोठा संग्रह समजला जातो. श्रीमंतांची वस्त्रे संग्रहालयांत गेली, गरिबांची मात्र या दुःखाच्या निमित्तानेच टिकली. त्या वीस वर्षांत दाखल झालेल्या १६,००० हून अधिक मुलांपैकी जेमतेम दीडशेच्या आसपास मुले परत नेली गेली. पुढे १७६७ साली एका आईने लहान लहान तुकडे जोडून शिवलेल्या पट्टीवर हृदयाची आकृती भरली, ती मधोमध कापून अर्धी मुलाबरोबर ठेवली आणि अर्धी स्वतःजवळ. आठ वर्षांनी, १७७५ मध्ये, ती मुलाला घेऊन गेली. जुनेराला दस्तऐवज म्हणणे ही नुसती अलंकारिक भाषा नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणावर वसलेल्या जीज बेंड या वस्तीची हकिगत याहून निराळी आहे. तेथील लोक कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांचे वंशज. त्यांच्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांपासून गोधड्या शिवीत आल्या. मिझूरी पेटवे हिचा नवरा वारला, तेव्हा १९४२ साली तिने मुलीला हाताशी घेऊन त्याच्या शेतावरच्या विजारी व सदरे उसवले आणि त्यांची एक गोधडी केली. गुडघ्यांवरचे ठिगळ जेथे होते तेथे कापडाचा रंग गडद राहिला आहे, उन्हात वावरलेल्या बाजू फिकट झाल्या आहेत, आणि या दोन छटांच्या आडव्याउभ्या पट्ट्यांखेरीज त्यात दुसरी नक्षी जवळजवळ नाही. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले तेव्हा कलासमीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. परंतु मिझूरीने आपली गोधडी शिवली होती ती अंगावर घेण्यासाठी. नवऱ्याचे कपडे तिला पेटीत घालून ठेवता आले असते. तसे न करता तिने त्यांना नवे काम दिले.

ठेवणे आणि वापरणे यांतील या भेदावर आपल्याकडील एका प्राचीन संवादाने फार मार्मिक प्रकाश टाकला आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात अशी कथा आहे, की कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धशिष्य आनंदाला ५०० वस्त्रे दान केली, तेव्हा राजाला शंका आली, की हा श्रमण आता कापडाचा व्यापार मांडणार की काय. त्याने जाऊन विचारले, आणि आनंदाने हिशेब द्यावा तसे उत्तर दिले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना ही वस्त्रे वाटली जातील. त्यांच्या जुन्या चीवरांची पांघरुणे होतील, जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणे, जुन्या अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि अखेर ती फडकी कुटून, चिखलात कालवून भुई सारवण्यास लावली जातील. राजा इतका संतुष्ट झाला, की त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. त्याच पिटकाच्या महावग्गात, तुकड्यांनी जोडलेल्या चीवराचा आकार मगधातील बांधबंदिस्तीच्या शेतांवरून आनंदाने बेतला असेही सांगितले आहे. तेव्हा ठिगळांच्या रचनेला निसर्गाकडून आकृती मिळण्याची परंपरा या देशात दोन सहस्र वर्षांहून जुनी आहे, आणि वस्त्राचे आयुष्य एका रूपाबरोबर संपत नाही, ही जाणही तितकीच जुनी आहे.

आधुनिक संग्रहालयांचा अनुभवही या बाबतीत बोलका आहे. पेटीत घडी घालून वर्षानुवर्षे ठेवलेले वस्त्र कोठे फाटते, तर घडीवर. कारण तेथे तेच ते धागे सतत दुमडलेले राहतात. जरीचे वस्त्र तर घडीच्या रेषेवरच चिरत जाते. यामुळे मोठी वस्त्रे संग्रहालयांत घडी न घालता नळकांड्यांवर गुंडाळून ठेवतात. जीर्ण वस्त्राची दुरुस्ती करताना त्याच्या पाठीशी नवे, त्याहून दणकट कापड आधारासाठी लावतात आणि बारीक दोऱ्याने, अंतराअंतरावर, अगदी सैल टाक्यांनी ते धरून ठेवतात. गोधडी शिवणाऱ्या बाईने अस्तरावर जुनेर पसरून धावदोरा घातला, तेव्हा ती याच तत्त्वाने वागत होती. ट्रंकेत तळाशी ठेवलेली आजीची लुगडी आपण जपतो आहोत असे समजणाऱ्याने वर्षातून एकदा तरी ती उघडून, घडी बदलून पाहिली नाही, तर तो वस्तुतः त्यांच्या नाशाची व्यवस्था करीत असतो.

ज्यांना आपल्या घरच्या जुनेरातून काही शिवावयाचे आहे, त्यांच्यासाठी येथे चार व्यावहारिक गोष्टी सांगणे अस्थानी होणार नाही. कापड प्रथम उजेडापुढे धरावे. जेथे प्रकाश ठिकठिकाणी झिरपतो ते भाग आत घालण्याचे, जेथे वीण एकसारखी दिसते ते वर घेण्याचे. ताणा आणि बाणा या दोन्ही दिशांनी हलकेच ओढून पाहावे; चर्र असा आवाज झाला तर त्या तुकड्यावर भार पडू देऊ नये. लोहक्षारांच्या साहाय्याने दिलेले जुने काळे व तपकिरी रंग सुताला हळूहळू खातात, त्यामुळे छापील कापडात इतर रंग शाबूत असताना नेमके काळ्या रेघांचे भाग गळून पडलेले दिसतात. असे कापड पाठीशी आधार दिल्याविना वापरू नये. रेशमाचे वजन वाढविण्यासाठी त्याला कथिलाचे क्षार पाजण्याची जी रीत एकोणिसाव्या शतकात युरोपात रूढ झाली, तिच्यामुळे त्या काळचे पुष्कळ विलायती रेशीम आपोआप चिरफाळते. त्याला सुई लावून उपयोग नाही. रंग फुटतो की काय हे पाहण्यासाठी एका कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून धरावे. अस्तराला नवे कापड घ्यावयाचे झाले तर ते आधी धुऊन आटवून घ्यावे, नाही तर पहिल्याच धुण्यात ते आकसून जुन्या थराला ओढून फाडील. दोरा सुती असावा. कृत्रिम धाग्याचा चिवट दोरा स्वतः तुटत नाही, पण विरलेल्या कापडाला कापीत जातो. बोटाला अंगुस्तान चढवून, दोरा न ओढता, सुई आपल्या गतीने जाऊ द्यावी. धुणे विरळ असावे. आपल्याकडे नवरात्राच्या आधी गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची जी वहिवाट आहे, ती वर्षातून एकदाच आणि ढोबळमानाने पाऊस सरून ऊन पडू लागते त्या सुमारास येते, हे त्या वहिवाटीमागचे शहाणपण होय.

पुढच्या पिढीपुढे एक नवी अडचण आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या नियंत्रण हुकुमानंतर, कापड मोजून मिळू लागले तेव्हा चिंधीचिंधीला किंमत होती. आज कापड अमाप आहे, पण त्यातले बरेचसे जुने होऊनही मऊ होत नाही. नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या रंग सोडीत नाहीत, विरत नाहीत, आणि म्हणून जुनेराची जी नरमाई वर वर्णिली ती त्यांच्या वाट्याला येत नाही. तरीही त्यांच्याशी आठवणी निगडित झालेल्या आहेतच, आणि केवळ धागा कृत्रिम म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. अशा वस्त्रांचे तुकडे वरच्या नक्षीत घ्यावेत आणि अंगाला लागणारा थर मात्र सुती ठेवावा, हा मध्यम मार्ग अनेक ठिकाणच्या शिवणाऱ्या बायकांनी स्वीकारलेला दिसतो, आणि तो योग्यच आहे.

राहता राहिला तो नावाचा प्रश्न. फाउंडलिंगच्या वह्यांतील तुकडे आज बोलतात, कारण प्रत्येकाशेजारी तारीख आणि क्रमांक लिहिलेला आहे. मानदासुंदरीची कंथा तिची म्हणून ओळखली जाते, कारण तसे तिने तिच्यावर शिवून ठेवले. आपल्याकडील हजारो गोधड्या मात्र बेनामी आहेत; त्या शिवणाऱ्या बैठका मोडल्या, आणि हा सदरा कोणाचा हे सांगणारी माणसे एकामागून एक निघून गेली. म्हणून कात्री चालविण्यापूर्वी घरातील सर्वांत वडील व्यक्तीला जवळ बसवून प्रत्येक वस्त्राचा तपशील उतरवून घ्यावा, आणि गोधडी पुरी झाल्यावर एका साध्या पांढऱ्या पट्टीवर कापड कोणाचे, शिवले कोणी आणि साल कोणते, एवढा मजकूर टाक्यांनी भरून ती पट्टी पाठीमागे लावावी. या कामाला अर्धी दुपार पुरते. मग ती गोधडी पुन्हा पेटीत न घालता घरातल्या लेकराच्या अंगावर घालावी. ती झिजेल, एखाद्या ठिकाणी उसवेल, तिच्यावर नवे ठिगळ बसेल, आणि ते बसविणाऱ्याने आपलेही नाव त्या पट्टीवर खालच्या ओळीत भरावे.